फ्रेंच स्लॅपस्टिक सिनेमे: कुठून सुरुवात करावी, कसे पाहावेत

चौथी_रांग

स्लॅपस्टिकचा, म्हणजे पडझडीच्या-फजितीच्या अंगविनोदाचा, विषय निघाला की गाडी चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डी या स्टेशनांवर थांबते आणि तिथूनच परत फिरते. फ्रान्सकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर पडद्यावर गोष्ट सांगून हसवणारी पहिली फिल्म फ्रान्सची, साऱ्या जगाला नावाने माहीत झालेला पहिला विनोदी नट फ्रान्सचा, आणि बोलपट आल्यावर अंगविक्षेपांचा विनोद नव्याने उभा केला तोही तिथल्याच लोकांनी. म्हणून हा धागा काढतोय. नुसत्या याद्या नकोत. गॅग, म्हणजे हसवणारा छोटा प्रसंग, रचलाय कसा, तो कशाने बिघडतो, कुठली प्रत पाहायची, असं लिहा.

पहिली फिल्म १८९५ची, लुमिएर बंधूंची 'लारोझर आरोझे'. जेमतेम पाऊण मिनिटाची. माळी नळीने बागेला पाणी घालतोय. मागून पोरगा येऊन नळीवर पाय देतो. धार थांबते. माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून आत बघतो. पोरगा पाय उचलतो. पाणी थेट तोंडावर, टोपी उडते. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं नीट पाहा: पोरगा पळतो, माळी त्याला पडद्याच्या कडेशी पकडतो आणि तिथेच न बडवता ओढत पुढे, कॅमेऱ्यासमोर आणतो, मग फटके देतो. कॅमेरा हलणारा नव्हता, म्हणून माणसाने चौकटीत परत यायचं. शिवाय पोरगा मागे उभा आहे हे प्रेक्षकाला दिसतं, माळ्याला दिसत नाही. एकाच चौकटीत दोन गोष्टी, त्यातली एक पात्राला ठाऊक नाही. पुढच्या सत्तर वर्षांची फ्रेंच कॉमेडी याच पायावर उभी आहे असं माझं ठाम मत आहे.

---

तिसरी_घंटा

धागा आवडला. लुमिएरांचा खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, म्हणजे हा मसाला आपल्याकडेही फार उशिरा आलेला नाही.

त्यानंतरचा टप्पा पाते आणि गोमाँ या दोन कंपन्यांचा. १९०५ ते १९१४ या काळात दर आठवड्याला छोट्या विनोदी फिल्म निघत. पातेकडे आंद्रे दीद ('ब्वारो' हे त्याचं पात्र) आणि माक्स लँदेर. गोमाँकडे झाँ द्युराँ हा दिग्दर्शक आणि त्याचं 'ओनेझीम' हे पात्र.

लँदेर बाकीच्यांहून वेगळा. रेशमी टोपी, उत्तम शिवलेला कोट, हातात छडी. तो वेंधळा नाही, प्रतिष्ठित आहे. प्रतिष्ठित माणसाची फजिती होताना तो ती लपवू पाहतो आणि त्या लपवण्यातून हसू येतं. चॅप्लिनने त्याला आपला गुरू म्हटलंय ते उगाच नाही.

त्याचा आरशाचा गॅग 'सेव्हन इयर्स बॅड लक' (१९२१, अमेरिकेत केलेला) मध्ये आहे. नोकराच्या हातून मोठा आरसा फुटतो. मालकाला कळू नये म्हणून स्वयंपाक्याला मालकासारखे कपडे घालून रिकाम्या चौकटीमागे उभं करतात. माक्स दाढी करायला येतो, समोरचा प्रत्येक हालचालीची नक्कल करतो. माक्सला संशय येतो, तो चाचण्या घेतो. शेवटी त्याला लबाडी कळते, पण तेवढ्यात चौकटीत खरी काच बसवलेली असते. तो समोरच्याला मारायला बूट फेकतो आणि खरा आरसा फोडतो. या गॅगची अट एकच: दोघं एकाच शॉटमध्ये दिसले पाहिजेत. एकदा माक्स, एकदा स्वयंपाकी असं कापून दाखवलं तर दोघांच्या जुळवणीचं कौतुक उरत नाही, ती संकलकाची करामत होते. पुढे १९३३ला अमेरिकेतल्या मार्क्स बंधू या विनोदी नटांनी 'डक सूप'मध्ये असाच प्रसंग केला.

लँदेर १९२५ला गेला. त्याच्या फिल्म इतस्ततः झाल्या होत्या. मुलगी मोद लँदेर हिने आयुष्यभर त्या शोधल्या आणि १९६३ व १९८३ला त्यांवर दोन संकलित चित्रपट काढले. लँदेरची ओळख करून घ्यायला १९६३चा 'आँ कोंपान्यी द माक्स लँदेर' पुरेसा आहे.

---

गुळवेल

यूट्यूबवरच्या या जुन्या फिल्म फार पळतात. माणसं किड्यांसारखी तुरुतुरु. असंच असायचं का?

---

टेपरेकॉर्डर

@गुळवेल, नाही, तो गतीचा घोळ आहे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. तीच फिल्म २४च्या गतीने दाखवली की १६ची दीडपट पळते. उपाय सोपा:

प्लेअरमध्ये गती ०.७५ करा. १८ची फिल्म २४ने चढवलेली असेल तर हिशेब तंतोतंत बसतो. तरी पळतेय वाटलं तर ती १६ची असणार, मग ०.६७ लागेल, यूट्यूबवर जुळेल तितकं जवळ न्या, किंवा फाइल असेल तर व्हीएलसीमध्ये अचूक लावता येतं. मागचं संगीत बेसूर होतं, ते सरळ बंद करा. बहुतेक वेळा ते नंतर कुणीतरी चिकटवलेलंच असतं.

माप कशाने घ्यायचं? नायकाच्या पळण्यावरून नाही. पाठलागाचे प्रसंग कॅमेरामन मुद्दाम हळू हँडल फिरवून टिपत, म्हणजे पडद्यावर ते जास्त पळावेत. रस्त्याने चाललेले साधे लोक बघा, हातातून पडणारी वस्तू बघा. त्या नैसर्गिक वाटल्या की गती बरोबर.

इथे 'ओनेझीम ओर्लोजे' (१९१२) सांभाळून. ओनेझीमला काकाची इस्टेट वीस वर्षांनी मिळणार असते. तो पॅरिसच्या मुख्य घड्याळात खुडबूड करून काळच पळवतो, मग सगळं शहर सुसाट. ती गती हीच गंमत आहे. घड्याळात हात घालण्याआधीच्या प्रसंगांवरून गती लावून घ्या आणि नंतर तिला हात लावू नका.

---

मीनल_क

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना दाखवायचे असतील तर कशापासून? फ्रेंच येत नाही, सबटायटल त्यांना झेपत नाहीत.

---

चौथी_रांग

@मीनल_क, झाक ताती. दुसरं उत्तर नाही. दिग्दर्शकही तोच आणि पडद्यावरचा मस्य युलोही तोच. संवाद जवळजवळ लागतच नाहीत. सहा फुटांहून उंच, पुढे झुकलेला, पाइप ओढणारा, आखूड पँटमधून पट्ट्यापट्ट्यांचे मोजे दिसणारा मस्य युलो मुलांना लगेच आपला वाटतो. क्रम असा:

'ले व्हाकांस द मस्य युलो' (१९५३) आधी. मग 'माँ ऑन्क्ल' (१९५८). मग 'झूर द फेत' (१९४९), तो पोस्टमनचा. 'प्लेटाइम' (१९६७) मुलांना आत्ता नको, मोठ्यांनीही मोबाइलवर नकोच. त्यावर नंतर लिहितो.

---

वाळूची_घडी

'व्हाकांस' सँ-मार्क-स्युर-मेर या ब्रिटनीकडच्या किनाऱ्यावरच्या गावात, खऱ्याखुऱ्या ओतेल द ला प्लाजमध्ये चित्रित झालाय. त्यातला रंगाच्या डब्याचा गॅग आधी सांगते.

युलो पाण्याच्या कडेला बसून आपली होडी रंगवतोय. डबा शेजारी वाळूवर. लाट येते, डबा तरंगत दूर जातो. युलो न बघता ब्रश मागे नेतो, त्याच क्षणी लाट परतते आणि डबा दुसऱ्या बाजूला बरोबर ब्रशखाली येतो. त्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या कुणी तिथे चेहऱ्याचा क्लोजअप टाकला असता: आश्चर्य, डोळे विस्फारलेले. तातीने टाकला नाही. कारण आश्चर्य वाटायला युलोला आधी डबा गेलेला कळायला हवा. तो कळू न देण्यात सगळी मजा आहे.

दुसरा दाराचा. तो हॉटेलचं दार उघडून आत येतो आणि सामान आणायला दार तसंच सोडतो. वारा आत घुसतो. कागद उडतात, आणि किटलीतून कपात पडणारी चहाची धार वाकडी होते. ती धार चुकवू नका.

गाडी आमिल्कार आहे, तीही मुलांना फार आवडते.

---

स्पॅनर_१०_१२

गाडी आमिल्कार नव्हे. १९२४ची साल्मसों एएल३ आहे. दोन्ही त्या काळच्या फ्रेंच हलक्या गाड्या, दिसायला जवळच्या, म्हणून बऱ्याच ठिकाणी चुकीचं छापलं जातं.

तिच्यावरचा सर्वात चांगला गॅग स्मशानातला. युलोला चाक बदलायचंय, ट्यूब खाली पडते, ओल्या ट्यूबला झाडाची पानं चिकटतात. अंत्यविधीला आलेला माणूस ती पुष्पचक्र समजून घेऊन जातो आणि टांगतो. पुढे तिच्यातली हवा फुस्स होत जाते. वस्तू तीच, जागा बदलली की तिचा अर्थ बदलतो. ताती वस्तूला कधी विचित्र बनवत नाही, तिला चुकीच्या ठिकाणी नेऊन ठेवतो.

---

टेपरेकॉर्डर

आता आवाजाबद्दल, कारण तातीचा निम्मा विनोद कानाने पाहायचा असतो.

तो चित्रीकरणाचा आवाज वापरत नसे. सगळं नंतर, एकेक आवाज वेगळा बनवून बसवलेला. माणसांचं बोलणं पुटपुटल्यासारखं खाली, आणि बूट, दार, खुर्ची, नळ हे ठळक वर. 'व्हाकांस'मधल्या जेवणघराच्या झुलत्या दाराचा 'ठुंब' घ्या. दर वेळी तोच, जराही बदल नाही. चौथ्या-पाचव्या वेळी तो ऐकू येण्याआधीच हसू येतं.

'झूर द फेत'मधली माशी तर या बाबतीत पाठ्यपुस्तक आहे. जवळ टेकाडावर शेतकरी गवत कापतोय, खाली दूर रस्त्यावर पोस्टमन फ्राँस्वा सायकलवर. गुणगुण ऐकू येते, फ्राँस्वा हात झाडत नागमोडी चालवू लागतो. गुणगुण जवळ येते, दूरचा फ्राँस्वा शांत आणि इकडे शेतकरी हात झाडू लागतो. मग ती परत खाली जाते. माशी एकदाही दिसत नाही. शॉट लांबचा आहे म्हणून दोघं एकत्र दिसतात, आणि आवाज आहे म्हणून माशीचा रस्ता कळतो. दोन्हींपैकी एक काढा, गॅग संपला.

म्हणून टीव्हीवर पाहताना तीन गोष्टी बंद करा:

१. 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं जे काही असेल ते. ते बोलणं वर काढतं, बाकी दाबतं. तातीने मुद्दाम केलेलं उलटं होऊन बसतं.

२. 'नाइट मोड'. तो मोठा आवाज लहान आणि लहान मोठा करतो. ताती शांततेत अचानक एक आवाज टाकतो, तो अचानकपणाच जातो.

३. मोशन स्मूदिंग. हालचाल गुळगुळीत होते आणि अडखळणं मऊ पडतं.

सबटायटल शक्यतो नकोच. 'माँ ऑन्क्ल' आणि 'प्लेटाइम'मध्ये डोळे खालच्या ओळीवर गेले की वरच्या कोपऱ्यातलं हुकतं.

---

गुळवेल

'झूर द फेत' मी रंगीत पाहिला, मित्र म्हणतो कृष्णधवल. दोघं बरोबर?

---

तिसरी_घंटा

दोघंही. १९४७ला सँत-सेव्हेर या खेड्यात चित्रण झालं तेव्हा शेजारी शेजारी दोन कॅमेरे होते. एकात थॉमसनकलर ही नवी रंगीत फिल्म, दुसऱ्यात खबरदारी म्हणून कृष्णधवल. थॉमसनकलरमध्ये रंग फिल्मच्या रसायनात नसतो. फिल्मच्या पाठीवर बारीक भिंगांच्या रेघा कोरलेल्या असतात आणि लेन्सवर लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांची गाळणी. टिपणं जमलं, पण त्यावरून चित्रगृहांसाठी प्रती काढणं कंपनीला जमेना. त्यामुळे १९४९ला कृष्णधवल प्रत लागली.

१९६४ला तातीने तीच नव्याने संकलित केली, काही वस्तूंवर साच्याने रंग भरले आणि त्या रंगांना निमित्त म्हणून एक चित्रकार पात्र घातलं. १९९५ला मुलगी सोफी तातिशेफ आणि छायालेखक फ्राँस्वा एद यांनी मूळ रंगीत निगेटिव्हवरून रंगीत चित्रपट तयार केला. तुम्ही पाहिला तो बहुधा हा. माझं मत: आधी १९९५चाच पाहा. यात्रेच्या दिवशी राखाडी गावात रंग येतात ही तातीची मूळ कल्पना होती, ती यातच कळते.

'व्हाकांस'च्याही तीन आवृत्त्या आहेत: १९५३, १९६२ आणि १९७८. हल्ली सहसा १९७८ची मिळते. होडी मधोमध दुमडून शार्कच्या जबड्यासारखी दिसते आणि लोक किनाऱ्यावरून पळतात, हा भाग तातीने २५ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर जाऊन वाढवलेला. तो प्रसंग दिसला की आवृत्ती ओळखायची.

---

वाळूची_घडी

दुरुस्तीबद्दल आभार @स्पॅनर_१०_१२.

'माँ ऑन्क्ल'बद्दल दोन शब्द. युलोच्या बहिणीचा, म्हणजे आर्पेल कुटुंबाचा, तो आधुनिक बंगला खरा नाही, नीसच्या व्हिक्तोरीन स्टुडिओत बांधलेला सेट. आराखड्यात तातीला साथ त्याचा चित्रकार मित्र झाक लाग्राँझ याची. बागेतला कारंज्याचा मासा फक्त महत्त्वाच्या पाहुण्यांसाठी सुरू होतो. घंटा वाजली की बाई आधी बटण दाबतात, कोण आलंय ते पाहतात, आणि फेरीवाला किंवा भाऊ निघाला तर लगेच बंद. एका कारंज्यातून त्या घरातली सगळी उतरंड कळते, संवाद शून्य.

युलोचं घर याच्या उलट. जुनी वेडीवाकडी इमारत, समोरून एकच स्थिर शॉट, तो जिना चढताना कधी या खिडकीत डोकं, कधी त्या झरोक्यात पाय. वर पोचल्यावर खिडकीचं तावदान हलवतो, काचेवरचा कवडसा समोरच्या पिंजऱ्यातल्या कॅनरीवर पडतो, पक्षी गाऊ लागतो. तावदान हललं की गाणं बंद. मुलांना हे दोन प्रसंग दाखवा, बाकी सिनेमा ती आपणहून बघतील. याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं.

---

चौथी_रांग

आता 'प्लेटाइम'.

पॅरिसच्या आग्नेयेला मोकळ्या जागेवर तातीने एक अख्खा शहराचा तुकडा उभारला. लोक त्याला 'तातीव्हील' म्हणत. पोलाद, काच, काँक्रीट, स्वतंत्र वीजकेंद्र. काही इमारती रुळांवर सरकवता येत, म्हणजे एका रस्त्याचे चार रस्ते. मागच्या बाजूला माणसांची आणि गाड्यांची कापलेली छायाचित्रं उभी केलेली. नीट पाहिलं तर गर्दीत काही जण अजिबात हलत नाहीत. चित्रण १९६४ला सुरू होऊन १९६७पर्यंत चाललं. मध्ये वादळात सेटची मोडतोड झाली. खर्च हाताबाहेर गेला, सिनेमा चालला नाही, ताती कर्जात बुडाला आणि त्याच्या आधीच्या सिनेमांचे हक्कही गेले. पहिल्या खेळाला तो अडीच तासांच्या आसपास होता, मग कापत कापत दोन तासांवर आला. आज जी प्रत मिळते ती सुमारे दोन तास चार मिनिटांची.

चित्रण ७० मिमीच्या रुंद फिल्मवर का? कारण एका शॉटमध्ये चार-पाच गोष्टी चालू असतात आणि कुठे बघायचं ते ताती सांगत नाही. लहान पडद्यावर मागचा माणूस ठिपक्याएवढा होतो आणि त्याचा गॅग दिसतच नाही. 'हा सिनेमा रटाळ आहे' हे मत बहुतेक वेळा लॅपटॉपवर पाहणाऱ्याचं असतं. मोठा टीव्ही असेल तर नेहमीपेक्षा निम्म्या अंतरावर बसा.

रॉयल गार्डन रेस्टॉरंटचा भाग जवळपास पाऊण तास चालतो. उद्घाटनाची रात्र, काम अर्धवट. काय काय बिघडतं: फरशीचा तुकडा बुटाला चिकटतो. खुर्च्यांच्या पाठीवरच्या मुकुटाचे ठसे गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटतात. एक मासा टेबलाशी आणून ठेवलेला, येणारा प्रत्येक वेटर त्याला नव्याने मीठ-मसाला लावतो, वाढत कुणीच नाही. एका वेटरची पँट फाटते, त्याला बाहेर बसवतात, मग बाकीचे आपापला फाटका-मळका कपडा त्याला देऊन त्याचा चांगला नेतात. काचेचं दार फुटतं, दरबान नुसती दाराची मूठ हातात धरून हवेतलं दार उघडत-मिटत राहतो आणि बक्षिसीही घेतो. यातलं एकही तिथल्या तिथे संपत नाही. एक सुरू होतं, मागे जातं, दुसरं पुढे येतं, दहा मिनिटांनी पहिलं परत डोकावतं.

पहिल्यांदा युलोला शोधत बसू नका. दुसऱ्यांदा पाहताना फक्त वेटर पाहा. तिसऱ्यांदा फक्त दार.

---

कुलाबकर

तातीचं कौतुक पटतं, पण धागा एकाच माणसावर अडकलाय. फ्रान्सच्या घराघरांत हसवलं ते लुई द फ्युनेसने. 'ला ग्राँद व्हाद्रुय' (१९६६) ची फ्रान्समध्ये १ कोटी ७२ लाखांहून जास्त तिकिटं खपली. फ्रेंच सिनेमांत हा उच्चांक २००८पर्यंत कुणी मोडला नाही. त्याला 'चेहरे करणारा' म्हणून खाली बसवतात ते मला मान्य नाही.

द फ्युनेस आधी बारमध्ये पियानो वाजवत असे आणि तालाची ती जाण अंगात दिसते. त्याचा राग पाहा: वरिष्ठासमोर लोण्यासारखा मऊ, वळून हाताखालच्याकडे बघितलं की फणा, पुन्हा वळला की मऊ. तीन सेकंदांत तीन माणसं. हे लांबच्या शॉटमध्ये दिसणार नाही, याला छातीपर्यंतचा शॉटच हवा. म्हणून तातीची फूटपट्टी त्याला लावू नये.

'ल ग्राँ रेस्तोराँ' (१९६६) मध्ये तो जर्मन गिऱ्हाइकाला बटाट्याच्या सूफ्लेची कृती जर्मनमधून सांगतो. आवाज चढत जातो, आणि एका क्षणी सावली त्याच्या चेहऱ्यावर अशी पडते की हिटलरची मिशी आणि केस तयार होतात. फक्त बटाटे, प्रकाश आणि आवाज.

---

स्पॅनर_१०_१२

@कुलाबकर +१. त्याचाच 'ल कोर्न्यो' (१९६५), दिग्दर्शक झेरार उरी. सुरुवातीलाच बूरव्हिल या सहनटाची २सीव्ही ही छोटी सित्रोएन गाडी द फ्युनेसच्या मोठ्या गाडीला धडकते आणि तिचे जागच्या जागी तुकडे होतात. बूरव्हिल हातात स्टिअरिंग धरून बसलेला. गाडी आधीच कापून, विजेने सुटणाऱ्या बोल्टांनी जोडून ठेवली होती. सगळे बोल्ट एकदम सुटले पाहिजेत. एक बाजू आधी पडली तर तो अपघात दिसतो. एकदम पडली तरच गाडी 'उकलते'. त्यानंतर बूरव्हिल अतिशय शांतपणे म्हणतो की आता ही पूर्वीइतकी चांगली चालणार नाही. त्या शांतपणाशिवाय तो नुसता धातूचा ढीग असता.

---

तिसरी_घंटा

पिएर एतेक्सचं नाव अजून आलं नाही, ते यायलाच हवं. सर्कशीतला विदूषक, तातीकडे 'माँ ऑन्क्ल'चा सहायक. पुढे पटकथालेखक झाँ-क्लोद कारिएरसोबत स्वतःचे सिनेमे. १५ मिनिटांच्या आतबाहेरचा 'एरो आनिव्हेर्सेर' (१९६२) याला लघुपटाचं ऑस्कर मिळालं: नवरा भेटवस्तू घेऊन पॅरिसच्या वाहतुकीत अडकलेला, घरी बायको जेवण मांडून वाट पाहते. 'योयो' (१९६५) चा पहिला भाग १९२५चा म्हणून मूकपट, पण दारांची करकर तेवढी ऐकू येते. 'ल ग्राँ आमूर' (१९६९) मध्ये पलंग गाड्यांसारखे गावरस्त्यांवरून धावतात.

हक्कांच्या कज्ज्यामुळे हे सिनेमे कित्येक वर्षं कुणाला दाखवता येत नव्हते. २०१०ला दुरुस्त प्रती निघाल्या. त्याआधीच्या धुरकट प्रती नेटवर फिरतात, त्या टाळा. एतेक्सचे गॅग बारीक वस्तूंवर असतात, धुरकट प्रतीत ते गायब होतात.

---

मीनल_क

सगळ्यांचे आभार. शनिवारी 'माँ ऑन्क्ल' लावतेय. पण त्याची एक इंग्रजी आवृत्तीही दिसतेय, मुलांना ती बरी का?

---

टेपरेकॉर्डर

ती डब नाही. तातीने बरेचसे प्रसंग इंग्रजी पाट्या आणि इंग्रजी बोलण्यासह वेगळे चित्रित केले होते. काही मिनिटांनी लहान, काही प्रसंगांचं संकलन निराळं. मुलांना दारावरच्या, कारखान्यावरच्या पाट्या वाचता येतील एवढाच फायदा. जुन्या वस्तीतला फ्रेंच कलकलाट मात्र फ्रेंच आवृत्तीत जास्त भरीव आहे. मी फ्रेंचच लावेन, सबटायटल बंद, आवाज नेहमीपेक्षा दोन घरं वर. स्वयंपाकघरात युलोच्या हातून प्लास्टिकचा जग पडून उसळतो आणि तो कुतूहलाने काचेचा पेला टाकून बघतो, तिथे पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायला सांगा.